पणजीक गेललंय, पण बांबुळीक नाय



गेले तीन दिवस माझ्याकडून ना बातमी आली, ना पोस्ट. काहींनी फोन केले, एकाने तर थेट घरी येऊन विचारलं. म्हणून आधी खुलासा करतो. मी पणजीला गेलो होतो. फिरायला. दोन दिवस, एक रात्र. काम काही नव्हतं.

आता हे वाक्य वेंगुर्ल्यात बोलून बघा. निघायच्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर पिशवी घेऊन उभा होतो, तेवढ्यात चार ओळखीचे भेटले. चौघांनीही एकच प्रश्न विचारला, "बांबुळीक कोण आसा रे?" मी म्हटलं, कोणी नाही, सहज फिरायला चाललोय. एक काका खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सांगूचा नसात तर रवांदे. पण पैशे व्हये तर सांग."

काकांचा उपकार विसरणार नाही. पण त्यांचा प्रश्न दोन दिवस माझ्यासोबत पणजीत फिरला. आपल्यासाठी पणजी म्हणजे बांबुळी. बांबुळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. साठेक किलोमीटरवर एक सुंदर शहर आहे, नदी आहे, जुनी घरं आहेत, आणि आपण तिथे फक्त पेशंट घेऊन जातो. फिरायला तिथे पुणे-मुंबई-दिल्लीची माणसं येतात. आपण रिपोर्टची फाईल काखेत धरून जातो.

हे फिरायला जाण्याचं खूळ माझं नव्हे, माझ्या शाळेतल्या मित्राचं. नाव लिहू नको म्हणालाय, म्हणून लिहीत नाही. गेली सतरा वर्षं तो क्रूझवर आहे. आपल्याकडे प्रत्येक वाडीत असा एक तरी असतो. आठ-नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी. त्याचं जहाज अमेरिकेतून सुटतं आणि कॅरिबियन बेटांना फिरून येतं. तो हाऊसकीपिंगला. म्हणजे प्रवासी न्याहारीला गेले की त्यांची खोली आवरायची, चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं. आठवड्याचे सातही दिवस.

या खेपेला सुट्टीवर आला आणि म्हणाला, "सतरा वर्षा दुसऱ्याच्या गादयेर चादर घालतंय. दोन दिस माका पण कोणी तरी चादर घालून देऊ दे."

मी म्हटलं, मग महाबळेश्वरला जाऊ, गारवा तरी मिळेल. तो म्हणाला, नको, पणजीला जाऊ, तिथे आपण कधी बसलोच नाही. आणि एप्रिलच्या उकाड्यात आम्ही दोघं निघालो. शिरोडा, सातार्डा, मग पेडणे, म्हापसा आणि मांडवीचा पूल. पुलावर एसटी आली तशी मी सवयीने खिशातली चिठ्ठी चाचपली. बांबुळीला जाताना औषधांची चिठ्ठी त्याच खिशात असायची.

राहायला फोंतेन्यासला एका जुन्या घरातली खोली घेतली. उंच छत, पायाखाली लाल लादी, भिंती पिवळ्या. मित्राने आत गेल्या गेल्या काय केलं असेल? चादरीचा कोपरा उचलून बघितला. घडी कशी मारलीय ते तपासलं. मग बोट फिरवून खिडकीच्या कठड्यावरची धूळ बघितली. मी हसलो. तोही हसला, पण म्हणाला की ही सवय आता मेल्यावरच सुटेल.

दुपारी एक वाजता बाहेर पडलो तर अर्धी दुकानं बंद. ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. एका लहानशा खानावळीत हुमण-भात आणि तळलेली मांदेली खाल्ली आणि खोलीवर येऊन पंख्याखाली आडवे झालो. पडल्या पडल्या मित्र म्हणाला, "बघ मेल्या, आपण दुपारी दुकान बंद केलां तर आळशी. हेनी केलां तर सुशेगाद."

खरं आहे ना? आपल्या वेंगुर्ल्याच्या बाजारातही दुपारी दुकानं बंद असतात. बाहेरून आलेला अधिकारी त्यावर टोमणा मारतो, 'कोकणी माणूस झोपाळू' म्हणतो. तीच दुपारची झोप पणजीत पर्यटनाच्या जाहिरातीत छापली जाते. झोपेत फरक काही नाही, फरक ती विकणाऱ्याच्या आत्मविश्वासात आहे.

हुर्राकचंही तसंच. एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम, त्यामुळे तिथे जिथे तिथे हुर्राकचा वास. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून इकडे आणलं. ते झाड काही हद्द बघून रुजलं नाही. आपल्या वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या काजूच्या जातींना आपल्या गावाचं नाव आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं कुठे कुठे गेली आहेत! पण बोंडूचं काय? गोव्यात त्याची फेणी होते आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे बिया काढून घेतल्यावर बहुतेक बोंडू झाडाखाली कुजतात. कोणी त्याचं काही केलंच तर ती हातभट्टी, आणि त्यावर धाड पडल्याची दोन इंची बातमी मीच लिहितो. अशा किती बातम्या लिहिल्या असतील, मोजलेलं नाही. सगळ्यांनी भट्ट्या लावा असं मी म्हणत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. पण तेच फळ, तीच माती, मध्ये एक तपासणी नाका. नाक्याच्या पलीकडे वारसा आणि अलीकडे गुन्हा, याचा कधीतरी शांतपणे विचार व्हायला हवा.

संध्याकाळी चार-साडेचारला फोंतेन्यासच्या गल्ल्यांतून फिरायला निघालो. निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची घरं. पोर्तुगीज काळात पांढरा रंग देवळाचा म्हणजे चर्चचा आणि घरांना दुसरे रंग, अशी तिथली सांगी आहे. मित्र एकदम थांबला आणि म्हणाला, "ह्यां मी आदी बघलंय."

आणि मग त्याने मला विलेमस्टाड सांगितलं.

कुरसाव नावाचं बेट आहे, कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ. त्याची राजधानी विलेमस्टाड. त्याचं जहाज तिथे लागायचं. सगळ्या खोल्या आवरून झाल्या की कधी तीन तास, कधी चार तास उतरायला मिळायचे. उष्णता आपल्यासारखीच, पण वारा सतत. खाडीच्या काठाला ओळीने उभी रंगीत डच घरं. तिथेही रंगाची गोष्ट सांगतात. म्हणे एका गव्हर्नरला पांढऱ्या भिंतींवरच्या उन्हाच्या तिरिपेने डोकेदुखी व्हायची, म्हणून त्याने घरं रंगवायचा हुकूम काढला. खरं-खोटं देव जाणे. त्या खाडीवर १८८८ साली बांधलेला तरंगता पूल आहे, होड्यांवर उभा केलेला. बोट यायची झाली की घंटा वाजते आणि अख्खा पूल दारासारखा बाजूला फिरतो. माणसं काठावर उभी राहून वाट बघतात. कोणी चिडत नाही, हॉर्न नाही. पूल फार वेळ उघडा राहिला तर फुकटची फेरीबोट आहे.

"तुझी सुट्टी म्हणजे काय करायचास तू तिथे?" मी विचारलं.

काही नाही. त्या पुलाजवळ बाकावर बसायचा. वायफाय मिळालं तर घरी फोन. नाहीतर पूल उघडताना आणि मिटताना बघायचा. सतरा वर्षांत त्याने जगातल्या श्रीमंत माणसांची सुट्टी जवळून पाहिली, पण त्याची स्वतःची सुट्टी तेवढीच. विलेमस्टाडच्या बाकावरचे तीन तास.

आपल्याला कॅरिबियन म्हटलं की क्रिकेट आठवतं. आमचे अण्णा रेडिओला कान लावून ऐकलेला १९७१ चा दौरा आम्हाला तोंडपाठ सांगायचे. सुनील गावसकरांच्या ७७४ धावा सगळ्यांना माहीत असतात, पण अण्णा आधी दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा सांगायचे. का, तर सरदेसाई मडगावचे. "आपल्या शेजारचो." पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, ते त्या दौऱ्यात. मित्राने ते मैदान बाहेरून पाहिलंय. आत जायला वेळ नव्हता, जहाज सुटणार होतं.

बरं, या विलेमस्टाडची गंमत पुढे आहे. डचांनी कुरसाव स्पॅनिश लोकांकडून घेतलं १६३४ साली. आणि १६३७ च्या सुमारास डच आले कुठे? आपल्या वेंगुर्ल्यात. कंपन्या दोन वेगळ्या होत्या, तिकडे वेस्ट इंडिया कंपनी आणि इकडे ईस्ट इंडिया कंपनी, पण माणसं त्याच देशाची. आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी इथे वखार घातली. कशाला? गोव्यावर नजर ठेवायला. मांडवीच्या मुखाशी डच जहाजं पोर्तुगिजांची कोंडी करायची आणि त्यांना रसद पुरवायचं काम वेंगुर्ल्याचं. म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याहून माणसं पणजीच्या दिशेने बघत बसलेली असायची. आजही बसतात. तेव्हा दुर्बीण होती, आता मोबाईल आहे.

फोंतेन्यासच्या एका वळणावर एक आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारच्या भिंतीवर पाटी, फोटो काढू नये अशी. आम्ही वेंगुर्ल्याचे म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं. त्यांची माहेरची कोणी तरी शिरोड्याकडे दिलेली, त्यामुळे नातंच निघालं. बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं ते इथे मराठीत लिहितो. सकाळी सातपासून मुलं-मुली नटून येतात. लग्नाआधीचे फोटो असतात. त्यांच्याच पायरीवर बसतात, खिडकीची झडप उघडतात. एकदा त्या आत देवापुढे बसल्या होत्या आणि बाहेरून कोणीतरी आवाज दिला की आजी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.

स्वतःच्या घरात बाजूला व्हा. हे वाक्य त्या दोनदा बोलल्या. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखं.

रात्री मांडवीच्या काठाने चालत गेलो. समोर कॅसिनोच्या बोटी, दिव्यांनी लखलखलेल्या. काठावर त्यांच्या नावाच्या गाड्या, गर्दी, गाणी. मित्र बराच वेळ बोटींकडे बघत राहिला. मला वाटलं त्याला कामाची आठवण आली. तो म्हणाला, "ह्या बोटी खय जाणत नाय. आमची बोट तरी जाता." मग तिकडचं सांगायला लागला. बेटांवर एका दिवशी तीन-चार जहाजं लागतात. दहा-पंधरा हजार माणूस सकाळी उतरतो, संध्याकाळी परत चढतो. जेवण जहाजावर, झोप जहाजावर, दारू जहाजावर. गावात काय घेतो? एखादी टोपी, एखादं चुंबक फ्रिजला लावायचं. "जहाज इलां की बाजार भरता, जहाज गेलां की बाजार मरता," तो म्हणाला. दुकानातल्या पोरीसुद्धा जहाजांचं वेळापत्रक बघून कामावर येतात. ज्या दिवशी जहाज नाही त्या दिवशी पगार नाही.

आणि मग, रेलिंगला टेकून, समोर बघतच त्याने मूळ गोष्ट काढली. ज्यासाठी तो मला घेऊन आला होता ती.

त्यांची समुद्राकडची जमीन आहे. फार नाही, अठरा गुंठे. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं. माड आहेत, सुरू आहेत, एक पडकं मांगर आहे. गेल्या दिवाळीत बाहेरचा एक दलाल आला. त्याने सांगितलेली रक्कम मी लिहीत नाही, पण मित्राच्या सतरा वर्षांच्या पगारातून खर्च वजा जाता जे उरलं असेल, त्यापेक्षा ती जास्त आहे. धाकट्या भावाला विकायचंय. त्याची मुलगी बारावीला, पुढे तिला पुण्याला शिकवायची. घरावर कर्ज. त्याचं म्हणणं चूक आहे असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

"तू काय म्हणतंस?" त्याने विचारलं. "तू पेपरवालो. तुका सगळां म्हायत."

मला काही माहीत नव्हतं. पत्रकाराला कोणत्या जागेवर किती एकर गेली हे माहीत असतं, विकणाऱ्याला त्या रात्री झोप लागली का हे माहीत नसतं. शिरोडा-वेळागरच्या पंचतारांकित हॉटेलचा विषय मी या धंद्यात आलो तेव्हापासून लिहितोय. मोर्चे, निवेदनं, बैठका, सगळं लिहिलं. पण 'मी विकू का?' असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बाहेर पडलो. चर्चच्या पायऱ्या, म्युनिसिपल गार्डन, जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारियांचा पुतळा. संमोहनशास्त्रात जगाला काहीतरी दिलेला हा कांदोळीचा माणूस. मग नदीच्या बाजूने चालत जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीपाशी आलो. १८४२ साली गोव्यात वैद्यकीय शाळा सुरू झाली, त्याच संस्थेची ही जुनी जागा. कॉलेज बांबुळीला गेलं आणि या इमारतीत आता दरवर्षी इफ्फीची लगबग असते. २००४ पासून हा चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो.

त्या इमारतीसमोर बाकावर बसलो आणि मला अण्णा आठवले.

२०१४ साली अण्णांना बांबुळीला ठेवलं होतं. एकोणीस दिवस. तिथल्या डॉक्टरांनी, सिस्टरनी जे केलं त्याची फेड होणार नाही. मी दिवसा अण्णांपाशी, रात्री व्हरांड्यात चटईवर. दर दोन दिवसांनी पणजीला उतरायचो, बस स्टँडवर चहा-पाव, औषधं घ्यायची आणि मागे फिरायचं. एकोणीस दिवसांत मी नदी पाहिली नव्हती. स्टँडपासून नदी किती लांब आहे? चालत काही मिनिटं. शेवटच्या आठवड्यात अण्णांना जरा बरं वाटत होतं, तेव्हा म्हणाले होते, "बरो झालंय काय एकदा माका पणजी दाखव. इतक्या वेळा इलंय, पण बघूक नाय." ते राहून गेलं.

हे मी मित्राला आजवर सांगितलं नव्हतं. त्या बाकावर सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून गाड्यावरून दोन लिंबूसोडे घेऊन आला.

२०१८ च्या जानेवारीपासून बांबुळीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं. तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं, आपले लोक रस्त्यावर बसले. काहींना वाटलं गोवा सरकारने अन्याय केला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, शेजाऱ्याने किती दिवस आपलं बघायचं? आता ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय. पण अजूनही स्टँडवरचे काका मला बांबुळीच विचारतात, यातच काय ते समजा.

दुपारी उन्हात कुठे जायचं हा प्रश्न होता. गेलो पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत. स्टँडच्या मागेच. १८३२ सालची संस्था, आता नव्या मोठ्या इमारतीत. आत गार, शांत. कोणी विचारलं नाही कुठले, कशाला आलात. एका टेबलावर शाळेची मुलं अभ्यास करत होती, दुसऱ्यावर दोन म्हातारे पेपर वाचता वाचता पेंगत होते. मित्राने एक ॲटलास घेतला, कुरसाव शोधलं, मग वेंगुर्लं शोधलं. कुरसाव सापडलं. वेंगुर्ल्याला एक बारीक ठिपका होता.

तिथेच एक गोष्ट आमच्या लक्षात आली, आणि ती सांगायलाच मी ही पोस्ट लिहायला घेतली. विलेमस्टाड जागतिक वारसा यादीत गेलं ते १९९७ साली. आणि सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तोही १९९७ साली. एकच वर्ष.

तिकडे काय झालं? डचांनी बांधलेल्या घरांना रंग लागला, पूल चालू राहिला, काठावर बाक आले. तोटेही झाले, ते मित्राने सांगितलेच. जहाजांच्या वेळापत्रकावर जगणं काही चांगलं नव्हे. पण जुनं होतं ते पडू दिलं नाही.

आणि इकडे? डच वखार बघून या. राज्य संरक्षित स्मारक आहे. भिंतींतून वडाची मुळं उतरलीयत. आत जायचं तर पावसाळ्यानंतर काठीने गवत बाजूला करत जावं लागतं. मी स्वतः तिच्यावर बातमी केलीय, एकदा नव्हे, पाचेक वेळा. मथळा दर वेळी जवळपास तोच. आणि या काळात आपल्या माणसांचं काय झालं? २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ ला ती ८ लाख ४९ हजार झाली. पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यानंतरच्या दहा वर्षांत माणसं वाढायची ती कमी झाली. माझा मित्र त्या कमी झालेल्यांतला एक. पर्यटनाचंच काम करायला तो कॅरिबियनला गेला. चादर घालायची कला याच्या हातात, समुद्र याच्या दारात, आणि नोकरी कुठे, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला.

चिपीला विमानतळ झाला, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्‌घाटन झालं, मी पहिल्या रांगेत बसून बातमी केली. मग विमानं कधी चालू, कधी बंद. मोपाला २०२३ च्या जानेवारीत विमानं उतरायला लागली आणि तिथून आपल्या किनाऱ्याकडे गाड्या वळू लागल्या. माणसं येणार आहेत. ती थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. ती आली की आपण कुठे उभे असणार, एवढंच ठरवायचं आहे. मालक म्हणून दारात, की 'आजी, बाजूला व्हा' म्हटल्यावर बाजूला.

संध्याकाळच्या एसटीने परत आलो. येताना मी हिशोब केला. दोघांचा मिळून राहणं, जेवण, प्रवास असा खर्च साडेपाच हजाराच्या आत. त्यात ज्याने मला सगळ्यात जास्त बरं वाटलं त्या गोष्टी फुकट होत्या. नदीकाठचा बाक. लायब्ररीतला गारवा. सावलीतून चालता येईल असा रस्ता. पणजीतही सगळं छान नाही, हे मलाही दिसलं. खोदकामांनी गेली काही वर्षं तिथली माणसं वैतागलीयत, कॅसिनोंनी नदीच झाकून टाकलीय. पण शहराने माणसाला बसायला जागा ठेवलीय. पैसे न देता.

आपल्या वेंगुर्ल्याला हे जमणार नाही असं कोणी सांगू नये. आपल्या नगरपालिकेने कचऱ्याच्या डेपोचं काय करून दाखवलं ते बघायला राज्यभरातून लोक येऊन गेले. बाराएक हजार वस्तीच्या गावाने ते केलं. तेव्हा निधी कमी होता, इच्छा होती. मग बंदरावर चार सावलीचे बाक, प्यायचं पाणी, वखारीची साफसफाई आणि तिथे मराठीत एक नीट फलक, एवढं मागणं जास्त होतं का? कोणाला दोष देत नाही. संबंधित खात्याला निवेदन मी लिहून देतो, सह्या तुम्ही करा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता कोयता-फावडं घेऊन वखारीच्या बाहेरच्या वाटेवर मी असेन. स्मारकाला हात लावायचा नाही, ते नियमात बसत नाही. पण वाट साफ करायला कोणाची हरकत नसावी.

आता मित्राच्या जमिनीचं.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी दलाल आला. मित्राने सांगितलं, यंदा नाही. एक वर्ष थांब. माझ्या हिश्श्यात मी आधी मांगर उभं करतो, दोन खोल्या काढतो, चालतंय का बघतो. नाही चालल्या तर पुढच्या मे महिन्यात बोलू. दलाल हसला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी हा भाव नसेल. असेलही, नसेलही.

भाऊ माझ्यावर रागावलाय. म्हणाला, तुम्हा पेपरवाल्यांचं काय जातं, पोरीची फी तुम्ही भरणार काय? त्याचा प्रश्न बरोबर आहे. तो ही पोस्ट वाचणार हेही मला माहीत आहे. भाऊ, माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याला विकू नको म्हणालो नाही, वीक असंही म्हणालो नाही. आम्ही फक्त दोन दिवस पणजीत बसलो. मुलीच्या फीसाठी मित्राने त्याची या वर्षीची बचत काढून दिलीय, हे त्याने तुला सांगितलं नसेल तर आता कळलं. मला ओरडेल तो, ओरडू दे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत बोटीवर चाललाय. परवा रात्री त्याच्या पडवीत बसलो होतो. त्याने अठरा गुंठ्यांचा नकाशा वहीच्या पानावर काढला होता. मांगर, दोन खोल्या, विहीर. आणि समुद्राच्या बाजूला, माडाखाली, एक लहानशी आडवी रेघ.

"ह्यां काय?" मी विचारलं.

"बाक," तो म्हणाला. "ह्यो गिऱ्हाईकांसाठी नाय. माका बसाक."